कायदा आणि तंत्रज्ञान एकत्र शिकायचे आहे? धाराशिवच्या मुलामुलींसाठी प्रवेशअर्जाची माहिती

२९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉयना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन दिले. त्यातला शिक्षणाचा भाग आपल्या कार्यकर्त्यांनी आवर्जून वाचावा असा आहे. कला आणि कायदा या शाखांच्या शिक्षणाने अस्पृश्य समाजाचे फारसे भले होणार नाही, खरा उपयोग विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाचा होईल, असे त्यांनी सरकारला बजावले होते. त्यासाठी देशात आणि परदेशात शिकायला शिष्यवृत्त्याही मागितल्या. हे लिहिणारे स्वतः ग्रेज इनचे बॅरिस्टर होते आणि त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. वीज, पाटबंधारे आणि दामोदर खोरे या योजनांची धोरणे त्याच खात्यात आखली जात होती. कायदा जाणणारा माणूस तंत्रज्ञानाच्या टेबलावर बसला तर काय होते, हे त्यांनी चार वर्षांत दाखवून दिले.

आज हे दोन्ही विषय एकाच पदवीत किंवा एकामागून एक जोडून शिकता येतात. 'लॉ अँड टेक्नॉलॉजी' नावाचे अभ्यासक्रम देशात आणि परदेशात आहेत. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा, वाशी या आठही तालुक्यांतून आमच्याकडे त्याबद्दल विचारणा होते. विचारणाऱ्यांत अभियांत्रिकीला असलेली मुले आहेत, तशा एलएलबी करून जिल्हा न्यायालयात ज्युनिअर म्हणून बसणाऱ्या मुलीही आहेत. दोघांचा रस्ता वेगळा आहे. तो कुठे फुटतो आणि कुठे अडतो, ते इथे लिहीत आहोत.

हे शिक्षण कशासाठी?

नोकरी मिळते, हे उत्तर आहेच. पेटंट, डेटा संरक्षण, सायबर गुन्हे आणि कंपन्यांचे करार यांत दोन्ही बाजू कळणाऱ्या माणसाला काम आहे. पण चळवळीच्या अंगाने पाहिले तर कारण आणखी जवळचे आहे.

जालन्याचा खटला घ्या. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर निवडून आले आणि कैलास गोरंट्याल यांनी निवडणूक याचिका दाखल केली. वाद होता उमेदवारी अर्ज वेळेत भरला की वेळ टळून गेल्यावर. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रीकरण हाच मुख्य पुरावा होता. त्या चित्रीकरणाच्या सीडी मिळाल्या, पण पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालचे प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. प्रकरण औरंगाबाद खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवून टाकले की मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतेच. या प्रकरणात मात्र ते मिळवण्यासाठी शक्य ते सगळे केले गेले होते, म्हणून न्यायालयाने सूट दिली. मराठवाड्यातल्या एका मतदारसंघातल्या कॅमेऱ्यावरून देशभराचा पुराव्याचा नियम पक्का झाला.

आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. एक भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा म्हणा. फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. गावात जातीवाचक शिवीगाळीचा व्हिडिओ फिरतो, व्हॉट्सॲप गटात धमकी येते, जयंतीच्या मिरवणुकीवर दगडफेक होते आणि कोणीतरी मोबाइलवर ती टिपते. अशा वेळी आपण तो व्हिडिओ दहा जणांना पाठवतो, मूळ फोन विकतो आणि खटला उभा राहतो तेव्हा हातात काहीच उरत नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे की पीडित व्यक्ती समोर हजर नसली तरी इंटरनेटवरचा जातीय अपमान ॲट्रॉसिटी कायद्याखाली येऊ शकतो. म्हणजे अशी प्रकरणे येणार. ती लढायला ठसा काढता येणारा वकील आपल्या जिल्ह्यात हवा.

रेशन दुकानातल्या यंत्रावर बोट न उमटणे, महाडीबीटीवर अर्ज 'अपात्र' दाखवणे, ई-केवायसी अडल्याने खात्यात पैसे न येणे, हे सगळे वरवर तांत्रिक वाटते. खाली मात्र हक्काचा प्रश्न असतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सांगितले. व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. हे वापरायचे तर कलम आणि कोड दोन्ही वाचता यायला हवेत.

उपजीविकेचीही बाजू आहे. कुंथलगिरीच्या खव्याला आणि तुळजापूरच्या कवड्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मानांकन मिळाले की काम संपत नाही, तिथून ते सुरू होते. अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंद कोणाची होते, नक्कल करणाऱ्यावर कारवाई कोण करतो, हे पाहायला माणसे लागतात. सध्या अशी कामे पुण्या-मुंबईकडे जातात.

पदवी कोणती, पात्रता काय?

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, 'जॉइंट डिग्री' म्हणजे एकाच वेळी दोन विभागांत प्रवेश घेऊन दोन पदव्या मिळवणे. आपल्याकडे तसे सरळ होत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांतला सहावा नियम सांगतो की कायद्याची पदवी चालू असताना दुसऱ्या नियमित अभ्यासक्रमाला नाव नोंदवता येत नाही. यूजीसीने २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्यांना मोकळीक दिली, पण तिच्या भरवशावर एलएलबीसोबत एमएस्सी संगणकशास्त्र सुरू करू नका, पुढे सनद काढताना अडचण येईल. त्याच नियमात एक खिडकी मात्र उघडी आहे. भाषा किंवा संगणक विषयाचा अल्पमुदतीचा अर्धवेळ प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि दूरशिक्षण केंद्राचा अभ्यासक्रम यांना सूट आहे. म्हणून जिल्ह्यातल्या विधी महाविद्यालयात शिकतानाच इग्नूचा सायबर कायदा किंवा बौद्धिक संपदेचा अभ्यासक्रम करता येतो. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा प्राथमिक ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट आहे. एनपीटीईएलवरही कायदा आणि तंत्रज्ञान या दोन्हींची व्याख्याने मिळतात. अर्जात या गोष्टी बोलतात.

अभियंत्यांसाठी देशातली सर्वांत नेमकी जागा म्हणजे आयआयटी खरगपूरमधील राजीव गांधी स्कूल ऑफ इंटेलेक्च्युअल प्रॉपर्टी लॉ. ते २००६ मध्ये सुरू झाले. तीन वर्षांचे पूर्णवेळ, निवासी एलएलबी, भर बौद्धिक संपदेवर. प्रवेशासाठी अभियांत्रिकी किंवा वैद्यकाची पदवी अथवा विज्ञान शाखेतील पदव्युत्तर शिक्षण अशी पार्श्वभूमी लागते. संस्थेची स्वतःची निवडप्रक्रिया आहे. परीक्षेत इंग्रजी, मूलभूत विज्ञान, तर्क, गणित आणि कायद्याचा कल पाहिला जातो. बी.ए. किंवा बी.कॉम. झालेल्यांसाठी हे दार नाही. साधी बी.एस्सी. झालेल्यांनी त्या वर्षीच्या जाहिरातीतली पात्रता शब्दशः वाचावी. केंद्रीय संस्था असल्याने अनुसूचित जातींसाठी १५ टक्के जागा राखीव असतात.

दुसरे दार कोणत्याही पदवीधराला उघडे आहे. बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलने २०२२ पासून तीन वर्षांचे एलएलबी सुरू केले असून त्याची एनएलसॅट नावाची स्वतंत्र परीक्षा असते. आणि आपली ओळखीची वाट म्हणजे राज्य सीईटी कक्षाची तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची सीईटी. प्रश्नपत्रिका इंग्रजी-मराठी दोन्हींत असते आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. पदवीला अनुसूचित जातीच्या उमेदवाराला किमान ४० टक्के गुण लागतात. धाराशिव, लातूर, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर, पुणे अशी महाविद्यालये या परीक्षेतून मिळतात. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन थेट दुसऱ्या वर्षाला अभियांत्रिकीला गेलेले आपल्याकडे बरेच आहेत. बारावीची गुणपत्रिका मागितली की ते गडबडतात. अशांनी पदविकेच्या समकक्षतेचा कागद अर्जाआधीच मिळवून ठेवावा.

आधीच एलएलबी झालेल्यांसाठी एलएलएम आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत ते एक वर्षाचे असते आणि प्रवेश क्लॅट-पीजीतून होतो. दिल्लीच्या विद्यापीठाची आयलेट परीक्षा वेगळी. महाराष्ट्रात मुंबई (२०१४), नागपूर (२०१६) आणि छत्रपती संभाजीनगर (२०१७) अशी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत. आपल्याला संभाजीनगर जवळचे. क्लॅट-पीजीला अनुसूचित जातीसाठी एलएलबीत ४५ टक्के पुरतात. ही परीक्षा अलीकडे डिसेंबरात होते. तिथे इंग्रजीशिवाय पर्याय नाही आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो.

बारावीनंतर थेट बी.टेक.-एलएलबी असा सहा वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम देहरादूनच्या एका खासगी विद्यापीठाने चालवला आहे. फी भारी असते. कर्ज काढून तिकडे जाण्याआधी बार कौन्सिलची मान्यता त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला आणि त्या वर्षासाठी आहे का, हे स्वतः तपासा. आमचे स्पष्ट मत असे की शेतमजूर किंवा ऊसतोड कुटुंबातल्या मुलाने आधी सरकारी शुल्कात पदवी आणि मग सीईटीतून एलएलबी हा रस्ता धरावा. एक वर्ष जास्त लागले तरी चालेल.

परदेशातली नावे अनेक आहेत. न्यूयॉर्कमध्ये कॉर्नेल विद्यापीठाचे विधी महाविद्यालय आणि कॉर्नेल टेक मिळून कायदा, तंत्रज्ञान आणि उद्योजकता या विषयाचे एलएलएम देतात. खऱ्या अर्थाने संयुक्त म्हणावे असे ते आहे. स्टॅनफर्डचे कायदा-विज्ञान-तंत्रज्ञान विषयाचे एलएलएम, नेदरलँड्समधील टिलबर्गचे लॉ अँड टेक्नॉलॉजी, बेल्जियममधील ल्यूव्हेनचे बौद्धिक संपदा व माहिती तंत्रज्ञान कायद्याचे, स्कॉटलंडमधील एडिंबराचे, हीही नावे लक्षात ठेवा. एलएलएमला बहुतेक ठिकाणी आधी कायद्याची पदवी लागते. फक्त अभियांत्रिकी झालेल्याने एलएलएमचे अर्ज भरून शुल्क वाया घालवू नये.

अभियंत्याला एलएलबीची वाट न पाहताही एक परीक्षा देता येते, ती पेटंट एजंटची. विज्ञान किंवा तंत्रज्ञानाची पदवी आणि वय २१ पूर्ण, एवढे लागते. दोन लेखी पेपर आणि तोंडी परीक्षा असते. अर्जात हे यश असले की निवड समितीला वेगळे काही सांगावे लागत नाही.

जातीचा दाखला: इथेच घोडे अडते

परीक्षेच्या तयारीपेक्षा आपल्या मुलांचा जास्त वेळ कागदांत जातो. म्हणून हे सविस्तर.

महाराष्ट्रात धर्मांतरित बौद्धांना नवबौद्ध म्हणून सवलती आधीपासून होत्या. केंद्राने अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात बौद्धांचा समावेश १९९० च्या दुरुस्तीने केला. म्हणजे केंद्रीय संस्थांत आपला हक्क आहे, पण तो केंद्राच्या नमुन्यातल्या दाखल्यावर सिद्ध करावा लागतो. त्या नमुन्यात मूळ अनुसूचित जातीचे नाव लिहिलेले असावे लागते. नुसते 'नवबौद्ध' किंवा 'बौद्ध' लिहिलेला दाखला घेऊन आयआयटीच्या कागदपत्र तपासणीला उभे राहिलात तर अडचण होऊ शकते. धर्म बौद्ध आणि मूळ जात, दोन्ही स्पष्ट लिहून घ्या. यात धम्म सोडल्यासारखे काही नाही. कायद्याने मागितलेली ती नोंद आहे. काही तरुणांना जातीचे नाव लिहायला मनापासून नको वाटते, ते आम्ही समजतो, पण राखीव जागेवर अर्ज करणार असाल तर त्याला पर्याय नाही.

राज्याच्या प्रवेशांना जातवैधता प्रमाणपत्र लागते. अर्ज ऑनलाइन करून जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे जातो. समिती १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा पाहते. मराठवाड्याची गंमत इथे आहे. त्या तारखेला धाराशिव, म्हणजे तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, हैदराबाद राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तर निजामाचाच अंमल. त्यामुळे पणजोबांच्या नोंदी सापडल्या तरी त्या उर्दूत किंवा मोडीत असतात. तहसीलच्या अभिलेखागारातले खासरा पत्रक, १९५१ ची नोंदवही, जुन्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, असे कुठेही नाव असू शकते. नक्कल घेताना प्रमाणित भाषांतर सोबत घ्या.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर अनेक घरांत मुलांच्या शाळेच्या नोंदीत फक्त 'बौद्ध' लिहिले गेले. अभिमानाने लिहिले. आज त्या नातवंडांना मूळ जातीचा दुवा आजोबांच्या धर्मांतरापूर्वीच्या कागदातून जोडावा लागतो. चुलत्याच्या किंवा आत्याच्या नावाची वैधता असेल तर काम सोपे होते, फक्त वंशावळ शपथपत्रावर नीट मांडा. एकाही रक्तनात्यात वैधता नसेल तर दक्षता पथकाची चौकशी होते आणि महिने जातात. म्हणून पदवीच्या दुसऱ्या वर्षातच अर्ज करा. प्रवेशाचे पत्र आल्यावर धावपळ करून हा कागद मिळत नाही.

नावांचे घोळ वेगळेच. दहावीच्या गुणपत्रिकेवर 'कांबळे राहुल भीमराव', आधारवर 'राहुल भिमराव कांबळे', पासपोर्टवर तिसरेच स्पेलिंग. परदेशी विद्यापीठ अक्षर न अक्षर जुळवून पाहते. दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे बाकीचे कागद करून घ्या. ते जमत नसेल तर राजपत्रात नावबदल करा.

आणि उत्पन्नाचा दाखला. तो तहसीलमधून मिळतो आणि ३१ मार्चला संपतो. आपल्या भागातले आईवडील दिवाळीच्या आगेमागे टोळीबरोबर कारखान्याला जातात ते उन्हाळ्यात परततात. नेमके याच काळात परदेशी विद्यापीठांच्या मुदती येतात आणि क्लॅटही होते. त्यांची सही, आधार, बँकेचे पुस्तक यांच्या प्रती ते निघण्याआधी घेऊन ठेवा. क्षुल्लक वाटणाऱ्या या गोष्टीपायी अर्ज राहतात.

हेतुपत्र

एसओपी म्हणजे हेतुपत्र. मी कोण, हे का शिकायचे, इथेच का आणि नंतर काय करणार, हे साधारण दोन पानांत लिहायचे. आमच्याकडे तपासायला येणारी बहुतेक हेतुपत्रे एका साच्यातली असतात. पहिल्या परिच्छेदात गरिबी, दुसऱ्यात दुष्काळ, तिसऱ्यात बाबासाहेबांचे वचन आणि शेवटी देशसेवा. यातले खोटे काही नसते, पण वाचणाऱ्याला तुम्ही दिसत नाही.

त्याऐवजी एक काम घ्या. समजा तुम्ही गावातल्या पंधरा बायांचे अडकलेले निराधार योजनेचे अर्ज मार्गी लावले. अर्ज कोणत्या पायरीवर अडले, कोणत्या नोंदीत चूक होती, ती चूक दुरुस्त करायचा अधिकार नेमका कोणाकडे होता आणि तो कायद्यात कुठे लिहिला नव्हता, हे लिहा. यात तंत्रज्ञान आहे, कायदा आहे, धाराशिव आहे आणि तुम्हीही आहात. आपले दुःख दाखवून जागा मिळवायची गरज नाही. जातीचा अनुभव लिहायचा की नाही, हा तुमचा निर्णय. लिहिलात तर परदेशी वाचकाला 'नवबौद्ध' म्हणजे काय हे एका वाक्यात सांगा, कारण तिथे बहुतेकांना ते माहीत नसते.

त्या विद्यापीठाच्या एखाद्या प्राध्यापकाचा एक तरी लेख खरोखर वाचून मग त्यांचे नाव लिहा. दहा विद्यापीठांना एकच पत्र नाव बदलून पाठवलेले ओळखू येते. संगणकाकडून लिहून घेतलेलेही ओळखू येते, आणि कायद्याच्या शाळेत तो अप्रामाणिकपणा मानला जाऊ शकतो.

शिफारसपत्रे दोन-तीन लागतात. आमदार-खासदारांची पत्रे नकोत. ज्या सरांनी किंवा मॅडमनी शिकवले, ज्या वकिलांच्या हाताखाली काम केले, त्यांची हवीत. त्यांना महिनाभर आधी सांगा, तुमची गुणपत्रिका आणि हेतुपत्राची प्रत द्या. पत्र बहुतेक ठिकाणी त्यांच्या ई-मेलवरून थेट जाते. आपल्याकडे अनेक जुने शिक्षक ई-मेल पाहत नाहीत, तेव्हा शेजारी बसून मदत करायला संकोच नको, पण मजकूर त्यांचाच असू द्या.

अमेरिकी विधी महाविद्यालयांसाठी गुणपत्रिका बहुधा एलएसॅक या संस्थेमार्फत जातात. विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट बंद पाकिटात किंवा ऑनलाइन पाठवावी लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे धाराशिवला उपपरिसर आहे, पण ट्रान्स्क्रिप्टसाठी संभाजीनगरची फेरी गृहीत धरा. इंग्रजीसाठी आयईएलटीएस किंवा टोफेल. मराठीतून एलएलबीचे पेपर लिहिलेल्यांनी घाबरू नये, मात्र आठवड्याला एक निकाल मुळातून वाचण्याची सवय आतापासून लावावी. सर्वोच्च न्यायालय काही निकालांचे मराठी अनुवाद संकेतस्थळावर देते. दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचले की कायद्याचे इंग्रजी हळूहळू बसते.

पैसा

देशातल्या शिक्षणासाठी महाडीबीटीवरची भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये. त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप. वसतिगृह न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना. केंद्राची 'टॉप क्लास' योजना अधिसूचित नामांकित संस्थांसाठी आहे आणि तिची मर्यादा आठ लाख आहे. एका गोष्टीकडे लक्ष द्या. बी.ई. झाल्यावर एलएलबी म्हणजे दुसरा व्यावसायिक अभ्यासक्रम, त्यावरून शिष्यवृत्तीच्या पात्रतेचा वाद निघू शकतो. प्रवेश घेण्याआधी सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्याकडे लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. तोंडी 'होऊन जाईल' यावर विसंबू नका.

परदेशासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती दरवर्षी ७५ अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मिळते. पदव्युत्तरसाठी वयाची अट ३५, पीएचडीसाठी ४०. २०२४ मध्ये तिला ७५ टक्के गुणांची आणि रकमेच्या कमाल मर्यादेची अट लावली गेली. विद्यार्थी आणि संघटनांनी आवाज उठवल्यावर सरकारला त्या अटी मागे घ्याव्या लागल्या. अटी अशा मध्येच बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात आणि शासन निर्णय दोन्ही उतरवून ठेवा. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीत १२५ जागा असून त्यांतल्या ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत. ६० टक्के गुण, वय ३५ च्या आत, उत्पन्न आठ लाखांपर्यंत. २०२२ पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय तिच्यातून वगळले आहेत. ही अट आम्हाला अन्यायाची वाटते. आपल्या प्रश्नांवर परदेशात संशोधन करण्याचा रस्ता ती आपल्याच मुलांसाठी बंद करते. एलएलएमला ती आडवी येत नाही, पण 'जात आणि अल्गोरिदम' अशा विषयावर पीएचडीचा प्रस्ताव देणाऱ्याने विषयाची मांडणी डेटा संरक्षण कायद्याच्या अंगाने करावी.

ब्रिटनसाठी चेव्हनिंग आहे. तिला दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा, कामाचा अनुभव लागतो. तालुका कोर्टातली वकिलीही धरली जाते, फक्त नोंद ठेवा. तिचा अर्ज शरद ऋतूत, म्हणजे आपल्या दसरा-दिवाळीच्या सुमारास बंद होतो.

शासकीय शिष्यवृत्तीचा निकाल आणि परदेशी वर्गांची सुरुवात यांचा मेळ बसेलच असे नाही. विद्यापीठाला प्रवेश एक वर्ष पुढे ढकलण्याची विनंती करता येते. अर्जशुल्क माफ करण्याचीही विनंती एका सभ्य ई-मेलने करता येते, आणि पुष्कळ ठिकाणी ती मान्य होते. न विचारल्यामुळे आपली मुले हजारो रुपये भरतात.

एलएलबी झाल्यावर सनद काढण्याची फीही आता अडथळा राहू नये. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की राज्य बार कौन्सिलांनी नोंदणीसाठी कायद्यातल्या रकमेपेक्षा जास्त घेऊ नये. खुल्या प्रवर्गाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये. त्याहून जास्त मागितले तर पावती मागा आणि निकालाची प्रत दाखवा. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा.

यंदा पदवीच्या शेवटच्या वर्षाला असाल तर क्रम असा लावा. दिवाळीआधी वैधतेचा अर्ज, पासपोर्ट आणि आईवडिलांच्या कागदांच्या प्रती. नोव्हेंबरात हेतुपत्राचा पहिला खर्डा. डिसेंबर-जानेवारीत अमेरिकेचे अर्ज, त्यानंतर युरोपचे. जानेवारीपासून सीईटी कक्ष, एनएलसॅट आणि खरगपूर यांच्या जाहिरातींवर नजर. एप्रिल उजाडताच उत्पन्नाचा नवा दाखला. हेतुपत्राचा खर्डा तपासून हवा असेल तर तो मुदतीच्या तीन आठवडे आधी आमच्याकडे पाठवा, आदल्या रात्री नको.